विंडोजवर जीसीसी: आधी काळी खिडकी, मग एडिटर
सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला आलेल्या मुलांचे लॅपटॉप मी बरीच वर्षं लावून देते आहे. तक्रार बहुतेकदा एकच असते, “मॅडम, व्हीएस कोड टाकलंय, पण प्रोग्रॅम चालत नाही.” व्हीएस कोड हा एडिटर आहे, त्यात कोड फक्त लिहायचा. त्या कोडची ईएक्सई फाइल बनवणारा कंपायलर वेगळा बसवावा लागतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. कंपायलर आधी कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत चालला पाहिजे. तोवर एडिटर उघडायचा नाही.

काही जण टर्बो सी हा जुना कंपायलर मागतात. ते बोरलँडने १९८७ मध्ये डॉससाठी आणलं. ते १६ बिटी असल्यामुळे ६४ बिटी विंडोजवर थेट चालत नाही, मध्ये डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स लागतो. त्यातला इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, २ बाइटचा, ३२७६७ पर्यंतच जाणारा. नव्याने शिकणाऱ्याला मी ते देत नाही, जीसीसी हा मोफत कंपायलरच देते.

विंडोजवर जीसीसी आणण्याचा माझा भरवशाचा रस्ता म्हणजे एमएसवायएस२, अशी साधनं विंडोजवर बसवून देणारा संच. एमएसवायएस२ डॉट ओआरजी या त्यांच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवा आणि तो सुचवेल तेच फोल्डर ठेवा, सी ड्राइव्हवरचं एमएसवायएस६४. फोल्डरच्या नावात जागा किंवा मराठी अक्षरं नकोत.

स्टार्ट मेनूत आता एकसारखी दिसणारी चार-पाच नावं येतील. यूसीआरटी६४ हेच उघडा. यूसीआरटी ही विंडोज १० पासून सिस्टिममध्येच असलेली सी लायब्ररी, त्यामुळे तिच्यावर बांधलेला प्रोग्रॅम दुसऱ्या नव्या विंडोजवरही सहसा निमूट चालतो.

पुढच्या आज्ञा एमएसवायएस२च्या पॅकमन या प्रोग्रॅम बसवणाऱ्या साधनाच्या आहेत. त्या इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं वापरा. ‘एस’ तेवढा मोठा. आधी

पॅकमन -एसवाययू

खिडकी बंद करायला सांगितलं तर करा, पुन्हा उघडा आणि हीच आज्ञा परत द्या. मग

पॅकमन -एस एमआयएनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४-यूसीआरटी-एक्स८६_६४-जीसीसी

८६ आणि ६४ यांच्यामध्ये अंडरस्कोर आहे, बाकी सगळीकडे आडवी रेघ.

आता पाथ. निम्म्याहून जास्त मुलं इथेच अडकलेली मी पाहिली आहेत. आज्ञेचं नाव टाइप केलं की विंडोज तो प्रोग्रॅम पाथमध्ये लिहिलेल्या फोल्डरांत ओळीने शोधतं. आपलं फोल्डर त्या यादीत नसेल, तर जीसीसी डिस्कवर असूनही ‘नॉट रेकग्नाइज्ड’ असं उत्तर मिळतं. स्टार्टमध्ये ‘एन्व्हायर्नमेंट’ शोधा, स्वतःच्या अकाउंटचे व्हेरिएबल्स उघडा, ‘पाथ’ निवडून एडिट, न्यू, आणि भरा: सी:\एमएसवायएस६४\यूसीआरटी६४\बिन. शेवटचं ‘बिन’ विसरू नका. सेव्ह केल्यावर नवी कमांड प्रॉम्प्ट उघडा, आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनाच पाथ धरून बसते.

तिथे ‘जीसीसी --व्हर्जन’ द्या. आकडा आला तरी थांबू नका, ‘व्हेअर जीसीसी’ही द्या. एका मुलीकडे आकडा येत होता, पण खूप जुना. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरबरोबर आलेला जीसीसी तिच्या पाथमध्ये वर बसला होता आणि विंडोजने पहिला सापडला तोच उचलला होता. आपली ओळ ‘मूव्ह अप’ने वर नेली आणि काम झालं. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या आज्ञा-खिडकीत मात्र ‘व्हेअर’चा अर्थ वेगळा, तिथे ‘व्हेअर.ईएक्सई’ लिहावं लागतं.

आता एक छोटा प्रोग्रॅम पहिला.सी नावाने, अर्थात नाव इंग्रजीत, सेव्ह करा. नोटपॅड वापरत असाल तर ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर पहिला.सी.टीएक्सटी तयार होते आणि विंडोज शेपूट लपवत असल्यामुळे ती दिसतही नाही. त्या फोल्डरमध्ये जाऊन

जीसीसी -वॉल -जी पहिला.सी -ओ पहिला

द्या. ‘-जी’ने चुका शोधायला लागणारी माहिती फाइलमध्ये राहते, ‘-ओ’नंतर तयार होणाऱ्या फाइलचं नाव. ‘वॉल’ म्हणजे डब्ल्यू मोठा, मग एएलएल; तो इशारे दाखवायला सांगतो. हा पर्याय मी कुणालाही गाळू देत नाही. स्कॅनएफ या कीबोर्डवरून आकडा घेणाऱ्या फंक्शनमध्ये व्हेरिएबलपुढचं ‘&’ राहिलं, तर -वॉलशिवाय जीसीसी बहुधा गप्पच राहतो, प्रोग्रॅम बनतो आणि आकडा भरताच कोसळतो. मूल तासभर लॉजिक तपासत बसतं. -वॉल असेल तर ओळ क्रमांकासह इशारा समोर येतो.

चालवायला ‘पहिला’ एवढं नाव पुरे. पॉवरशेलमध्ये त्याआधी टिंब आणि उलटी तिरकी रेघ द्यायची.

उत्तर दिसलं की मगच व्हीएस कोडकडे वळा. तो आधीच उघडा असेल तर पूर्ण बंद करून नव्याने सुरू करा, म्हणजे त्यालाही नवा पाथ मिळेल.