मधुमेही डोळा आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: संशोधनाचा कल कसा काढावा

मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. नेत्ररोगाच्या पीजीला आलेलं कुणीतरी दरवर्षी येऊन म्हणतं, "मॅडम, डायबेटिक रेटिनोपॅथीत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर सध्या काय चाललंय, त्याचा आलेख हवाय." (मधुमेहानं डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा म्हणजे डायबेटिक रेटिनोपॅथी; ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रेणूंमुळे पेशींवर येणारा ताण म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस.) आलेख अर्ध्या तासात निघतो, पण तो वाचायचा कसा, यावर पुढची दुपार जाते.

सुरुवात पबमेड या वैद्यकीय लेखांच्या सूचीतल्या मेश शब्दांपासून, म्हणजे लेखांना लावलेल्या ठरावीक विषयशब्दांपासून, करा: रेटिनोपॅथीचा एक, ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा एक. तेवढ्यावर थांबू नका. काही लेखांना मेश कधीच लागत नाही, म्हणून तेच शब्द शीर्षकात आणि सारांशातही शोधा. एकदा मी हौसेनं 'आरओएस' हे लघुरूपही टाकलं, रिअॅक्टिव्ह ऑक्सिजन स्पीशीज मिळतील म्हणून. मिळाले, पण सोबत डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या रॉड पेशींवरचे ढीगभर लेख आले. डोळ्याच्या संशोधनात 'रॉड आउटर सेगमेंट'चंही लघुरूप तेच! तेव्हा लघुरूपं टाळा, पूर्ण शब्द लिहा.

कोण कुणाचा संदर्भ देतं हे बघायचं असेल तर पबमेडची फाइल पुरत नाही. वेब ऑफ सायन्स किंवा स्कोपस या संदर्भसूचींमधून नोंदी उतरवा. कोणते शब्द लेखांत एकत्र येतात याच्या नकाशासाठी मी व्हॉसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर वापरते. त्याला थिसॉरस फाइल आधी करून द्या: दोन रकान्यांची साधी टेक्स्ट फाइल, डावीकडे सापडलेला शब्द, उजवीकडे त्याऐवजी धरायचा शब्द. नाहीतर 'रेटिनोपॅथी', 'डायबेटिक रेटिनोपॅथी' आणि मध्ये आडवी रेघ असलेली तीच डायबेटिक रेटिनोपॅथी, अशी तीन वेगळी वर्तुळं उमटतात.

वर्षवार आलेखातून चालू वर्ष काढून टाका. एकीच्या मसुद्यात "अलीकडे या विषयातला रस कमी झाला आहे" असं वाक्य होतं. बिचारीनं मार्चमध्ये शोध घेतला होता.

आता नकाशातल्या वर्तुळांचे रंग. जुने शब्द निळे, नवे पिवळे. निळ्यात बहुधा अल्डोज रिडक्टेज, प्रोटीन कायनेज सी ही विकरं (एन्झाइम) दिसतील. पिवळ्यात एनआरएफ-२ (पेशीचा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसविरुद्धचा बचाव चालू करणारं प्रथिन), मायटोफॅजी (पेशीनं आपली खराब ऊर्जाकेंद्रं, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, मोडीत काढणं), फेरोप्टोसिस (लोहामुळे होणारा पेशीचा मृत्यू). इथे घाई नको. फेरोप्टोसिस हे नावच २०१२ साली पडलं, पण लोह आणि त्यामुळे होणारं मेदाचं ऑक्सिडेशन यांवर काम त्याआधीही होतंच. कधीकधी पिवळा रंग नव्या विचाराचा नसून नुसत्या नव्या नावाचा असतो.

संदर्भांचे धागे ओढत गेलात तर मधुमेहाचे संशोधक मायकेल ब्राउनली यांचा २००१चा 'नेचर'मधला लेख लागेलच. साखर वाढली की मायटोकॉन्ड्रियात सुपरऑक्साइड हा अतिक्रियाशील ऑक्सिजन जास्त तयार होतो आणि नासाडीचे चारही मार्ग (पॉलिऑल, एजीई, प्रोटीन कायनेज सी, हेक्सोसमाइन) त्यातून सुरू होतात, अशी त्यांची मांडणी. ती नीट वाचल्याशिवाय नकाशाला हात लावू नये, असं माझं मत.

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण खरा कल त्यातच कळतो. एक्सेलमध्ये तीन रकाने करा: पेशी, प्राणी, माणूस. नकाशातला प्रत्येक मोठा शब्द घ्या आणि त्यावरचे लेख वाटून टाका. पहिला रकाना भराभर भरतो. एआरपीई-१९ (प्रयोगशाळेत वाढवलेल्या, डोळ्याच्या पडद्यामागच्या थराच्या) पेशी, ३० मिलिमोलर ग्लुकोज, दोन दिवस. तिथे मॅनिटॉलचा कंट्रोल (तुलनेसाठी तितकंच दाट, पण ग्लुकोज न वाढवलेलं द्रावण) ठेवलाय का ते बघा. नसेल तर परिणाम साखरेचा की नुसत्या द्रावणाच्या दाटपणाचा, हे सांगता येत नाही. दुसऱ्यात मधुमेह व्हावा म्हणून स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेले उंदीर. तिसऱ्याशी आलं की पेन थबकतं. अल्डोज रिडक्टेज रोखणारं सॉर्बिनिल १९९०च्या चाचणीत रेटिनोपॅथी थांबवू शकलं नाही. अल्फा लिपोइक अॅसिड हे अँटीऑक्सिडंट रोज ६०० मिलिग्रॅम दोन वर्षं देऊनही मॅक्युलाची (पडद्याच्या मध्यभागाची) सूज टळली नाही. फेनोफायब्रेट या औषधाच्या चाचण्यांचं चित्र वेगळं: २००७चा फील्ड, २०१०चा अॅकॉर्ड आय आणि २०२४चा लेन्स, तिन्हींत काही ना काही फायदा दिसला. लेन्समध्ये आजार वाढून तज्ज्ञांकडे पाठवावं लागण्याचं किंवा उपचार करावे लागण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी घटलं. पण हे मुळात मेदावरचं औषध. फायदा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस कमी झाल्यामुळेच, असं लिहू नका. आणि हो, एरेड्स या चाचणीतल्या अँटीऑक्सिडंट गोळ्या या रकान्यात घालू नका. ती चाचणी वयोमानानं होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासाची होती. ही चूक मी दोन थिसिसांत पाहिली आहे.

शोधाची तारीख आणि शोधलेली शब्दांची ओळ जशीच्या तशी त्याच एक्सेलच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. परीक्षक पहिला प्रश्न त्यावरच विचारतात, आणि सहा महिन्यांनी तीच ओळ आठवेना म्हणून मुलं परत माझ्याच टेबलाशी येऊन उभी राहतात.