रॅन्समवेअर आलंय? आधी फॉरमॅट मारू नका

रात्री साडेदहाला आतेभावाचा फोन. "दादा, आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो उघडत नाहीयेत, सगळे आयकॉन पांढरे झालेत." म्हटलं एका फाइलचं पूर्ण नाव वाच. त्याने वाचलं, डॉट जेपीजी आणि त्याच्या पुढे आणखी एक डॉट आणि चार निरर्थक अक्षरं. मग विचारलं, फोल्डरमधे रीडमी नावाची टेक्स्ट फाइल दिसतेय का. दिसतेय म्हणाला. "आणि आज काय डाउनलोड केलंस?" यावर जरा वेळ शांतता. फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे विकतचं सॉफ्टवेअर फुकटात चालवायचा जुगाड, टाकला होता, आणि क्रॅकसोबत लिहिलं होतं की अँटीव्हायरस बंद करा, तर पठ्ठ्याने तोही बंद केला होता.

रॅन्समवेअर म्हणजे फाइली कुलूपबंद करून सोडवायचे पैसे मागणारा व्हायरस. घरच्या कॉम्प्युटरवर ते बरेचदा असंच येतं, क्रॅक, फुकटात लायसन्स नंबर बनवणारं कीजेन, विंडोज फुकटात ॲक्टिवेट करणारं टूल, यातून. त्यातलं एक खानदान म्हणजे स्टॉप डीजेव्हीयू, २०१८ पासून लोकांना छळतंय. त्याच्या चिठ्ठीत, म्हणजे त्या रीडमी फाइलीत, बरीच वर्षं ९८० डॉलर मागायचे आणि ७२ तासांत संपर्क केला तर ४९०, म्हणजे दिवाळी सेल लावल्यासारखं. खाली याच्याबद्दलच लिहितोय, पण बाकीच्यांनाही बराचसा क्रम तोच लागू होतो.

आधी खरंच रॅन्समवेअर आहे का ते बघा. ब्राउझरमधे फुल स्क्रीन लाल पान आलं, मोठ्याने भोंगा वाजतोय, "या नंबरवर फोन करा" लिहिलंय, तर ते रॅन्समवेअर नाही, ती नुसती भीती घालायची थाप आहे. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर बंद करा, त्या नंबरवर अजिबात फोन करू नका. खऱ्या रॅन्समवेअरमधे फाइलींची नावं बदलतात, त्या उघडत नाहीत आणि जवळजवळ प्रत्येक फोल्डरमधे पैशाची चिठ्ठी असते. एकच फाइल उघडत नसेल तर ती साधी करप्ट झालेली असू शकते. आणि हो, डीजेव्हीयूवाले काम चालू असताना कधीकधी खोटी विंडोज अपडेटची खिडकी दाखवतात, म्हणजे तुम्ही निवांत चहा करायला जावं आणि मागे यांनी फोटो कुलूपबंद करावेत.

खात्री पटली की पहिलं काम नेट तोडायचं. वायफाय बंद, केबल असेल तर उपटा, पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क काढा. डोळ्यादेखत फाइलींची नावं बदलताना दिसत असतील तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि सरळ बंद करा. चिठ्ठीचा मोबाईलने फोटो काढून ठेवा, त्यात खाली एक लांबलचक पर्सनल आयडी असतो तो पुढे लागणार आहे.

आता हे बहुतेक जण विसरतात. डीजेव्हीयू बरेचदा एकटं येत नाही, सोबत पासवर्ड चोरणारं दुसरं काहीतरी घेऊन येतं, ब्राउझरमधे सेव्ह केलेले सगळे पासवर्ड आणि लॉगिन राहिलेली सेशन्स उचलून नेतं. त्यामुळे मोबाईलवरून, त्या कॉम्प्युटरवरून नाही, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, मग बँकेचा, मग बाकीचे, आणि "सगळ्या डिव्हाइसवरून लॉग आउट" जिथे जिथे दिसेल तिथे दाबा. आतेभाऊ म्हणाला उद्या करतो. मी म्हटलं फोन ठेव आणि आत्ता कर, फोटो उद्याही तिथेच असणारेत.

मग सफाई. खरं सांगायचं तर व्हायरस काढणं हे यातलं सोपं काम आहे आणि लोक नेमकं त्यालाच घाबरतात. विंडोज सिक्युरिटीमधे जा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, तिथे डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच स्कॅन करतो, साधारण पंधरा मिनिटं लागतात. नंतर दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्ससारख्या एखाद्या व्हायरस शोधणाऱ्या सॉफ्टवेअरने फुल स्कॅन करा, त्याची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवरून रिकाम्या पेन ड्राइव्हमधे आणा आणि तो पेन ड्राइव्ह नंतर फॉरमॅट करा. मग टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं विंडोजचं टूल, उघडून बघा, डीजेव्हीयू तिथे "टाइम ट्रिगर टास्क" नावाचं काम टाकून ठेवतं जे दर काही मिनिटांनी त्यालाच परत उठवतं, म्हणून काही लोकांच्या नव्याने कॉपी केलेल्या फाइलीसुद्धा परत लॉक होतात. असेल तर डिलीट करा. आणखी एक, अँटीव्हायरसच्या साइट्स उघडतच नसतील तर होस्ट्स फाइल (कुठल्या साइटचं नाव कुठे न्यायचं ते सांगणारी) बघा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधे ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी, तिथे असते. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडून ती फाइल उघडा, हॅशने सुरू होणाऱ्या ओळी ठीक आहेत, बाकी खाली अँटीव्हायरस कंपन्यांची नावं ओळीने दिसली तर त्या ओळी उडवा.

व्हायरस गेला. फाइली मात्र तशाच लॉक आहेत. इथेच लोक कोपऱ्यावरच्या दुकानात नेतात आणि दुकानदार फॉरमॅट मारून नवी विंडोज टाकून देतो, "झालं साहेब, व्हायरस गेला". ओळखीतल्या एकांचे असेच बारा वर्षांचे फोटो गेले, लॉक झालेले का होईना पण होते, तेही गेले. तर सफाई झाल्यावर एक वेगळी डिस्क लावा आणि लॉक झालेल्या सगळ्या फाइली, चिठ्ठीसकट, तिच्यात कॉपी करा. नावं बदलू नका. शॅडो कॉपी, म्हणजे विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या प्रती, वगैरे बघायला हरकत नाही, पण रॅन्समवेअर त्या बरेचदा आधीच उडवून गेलेलं असतं.

आता किल्ली मिळते का ते. नो मोअर रॅन्सम नावाची साइट आहे, २०१६ मधे डच पोलीस, युरोपोल आणि दोन सिक्युरिटी कंपन्यांनी मिळून सुरू केलेली, फुकट. तिथे चिठ्ठी आणि एखादी लॉक झालेली फाइल अपलोड केली की कुठलं रॅन्समवेअर आहे आणि सोडवायचं टूल आहे का ते कळतं. फाइल अपलोड करताना आधार कार्डाचा स्कॅन देऊ नका म्हणजे झालं. डीजेव्हीयूसाठी एमसिसॉफ्ट या सिक्युरिटी कंपनीचं डिक्रिप्टर, म्हणजे कुलूप सोडवायचं टूल, आहे. पर्सनल आयडीच्या शेवटी टी१ असेल तर ऑफलाइन किल्ली वापरलीय, म्हणजे लॉक करताना त्याला त्याच्या सर्व्हरशी बोलता आलं नाही म्हणून त्याने स्वतःत भरलेली किल्ली लावली, आणि ती किल्ली एमसिसॉफ्टकडे आली असेल तर फाइली सुटतात. टी१ नसेल तर किल्ली फक्त तुमच्यासाठी बनवलेली, तिथे आशा ठेवू नका, आणि "शंभर टक्के रिकव्हरी" म्हणणाऱ्या व्हिडिओवाल्यांना तर एक रुपया देऊ नका.

भावाच्या आयडीत टी१ नव्हतं. पण डीजेव्हीयू घाईत असतं, प्रत्येक फाइलचे फक्त पहिले १५० केबी लॉक करतं, पुढचं सगळं जसंच्या तसं. फोटोग्राफरने दिलेली फोटोंची मोठी झिप होती, तिची एक कॉपी घेऊन नावातली ती चार अक्षरं काढली आणि सेव्हन झिप या झिप उघडायच्या सॉफ्टवेअरने उघडली, जरा कुरकुर केली त्याने, पण पहिला फोटो सोडून सगळे बाहेर आले. सुट्या मोठ्या जेपीजी आणि व्हिडिओंसाठी डिस्कट्यूनाची रिपेअर टूल्स आहेत, त्यांना त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली एक धड फाइल नमुना म्हणून द्यावी लागते, फोटोची वरची पट्टी जाते, रंग कधीकधी हिरवट येतात. छोट्या वर्ड फाइली मात्र गेल्याच, त्या अख्ख्याच दीडशे केबीच्या आत.

पैसे द्यायचे का? माझं मत नाही. किल्ली येईलच याची खात्री कोणी देत नाही. तक्रार मात्र करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर, आणि बँकेतून पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन.

हे सगळं झाल्यावर, फाइलींची कॉपी वेगळ्या डिस्कवर आहे याची दोनदा खात्री करून, आता खुशाल फॉरमॅट मारा आणि विंडोज नवी टाका, कारण पासवर्डचोर पूर्ण गेला की नाही हे घरी बसून सांगणं अवघड आहे. नव्या विंडोजमधे रॅन्समवेअर प्रोटेक्शनमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू करा, ते अनोळखी सॉफ्टवेअरला तुमच्या फोल्डरमधे ढवळाढवळ करू देत नाही, सुरुवातीला आठवडाभर बऱ्याच सॉफ्टवेअरला अडवून वैताग देतं, त्यांना एकेक करून परवानगी देत जा. बॅकअपची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात ठेवा, लावून ठेवलेली डिस्क पण लॉक होते. लॉक झालेल्या फाइलींची डिस्क वेगळी, तिच्यावर पेनने तारीख लिहून ठेवा, आणि दोन-चार महिन्यांनी डिक्रिप्टर परत चालवून बघा. भावाच्या काही फाइली अजून तशाच पडल्यात, टी१ नाही म्हणून आशा नाहीच, तरी मी दर वेळी त्यांच्याकडे जेवायला गेलो की एकदा चालवून बघतो.