रोजगार मेळाव्याला जाताय? आधी "कोणाच्या रोलवर?" हे विचारा

जळगावात नाहीतर धुळ्यात मेळावा लागला की बायोडाटा, फोटो, झेरॉक्स, महास्वयमवर (सरकारच्या रोजगाराच्या वेबसाइटवर) नोंदणी हे तर सगळे करतातच, ते मी परत सांगत बसत नाही. फक्त बायोडाट्याच्या आठ-दहा प्रती न्या, ओरिजिनल मार्कशीट कोणाच्याच ताब्यात देऊ नका, आणि आधारवरचं नाव मार्कशीटशी जुळतं का ते घरीच बघा. मे महिन्यात असेल तर सकाळची पहिली एसटी पकडा, ४४ डिग्रीत दुपारी दोनला रांगेत उभं राहिलं की तोंडातून धड शब्द निघत नाही.

आता खरी गोष्ट. मी पारोळ्याकडचा, बीएस्सी केमिस्ट्री. पहिल्याच मेळाव्यात एका स्टॉलवर चाकणच्या मोठ्या कंपनीचा बॅनर दिसला, दहा मिनिटांत मुलाखत झाली, "सिलेक्टेड" म्हणाले आणि हातात पत्रच दिलं. घरी फोन केला तर आई म्हणे, "लागनी का रे भाऊ?" मी हो म्हटलं. तिने गल्लीत पेढे वाटले. मी उसने पैसे घेऊन चाकणला गेलो, रूमचं डिपॉझिट भरलं, आणि तिसऱ्या दिवशी सह्या करताना कळलं की ही नोकरी नाहीच, १२ महिन्यांची अप्रेंटिसशिप आहे. टेबलावर बसलेला माणूसही कंपनीचा नव्हता, माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचा होता. पत्रावर "ट्रेनी" लिहिलेलं होतं, पण मला वाटलं नवीन माणसाला असंच म्हणत असतील. वर्षभर लाईनवर उभा राहिलो, वर्ष संपलं, सर्टिफिकेट मिळालं आणि घरी परत. आईला काय सांगायचं हे जळगाव स्टेशन येईपर्यंत सुचलं नाही.

म्हणून हे नीट समजून घ्या, दोनदा वाचा पाहिजे तर. स्टॉलवर "फुल टाइम" हा शब्द कोणीही वापरतो, कारण आठ तासांची ड्युटी तर सगळ्यांनाच असते. पण कंपनीच्या रोलवर असाल तर पगार कंपनी देते आणि कंपनीचे कर्मचारी म्हणून तुमची नोंद असते. कॉन्ट्रॅक्टवर असाल तर काम कंपनीत, पण मालक कॉन्ट्रॅक्टर, पीएफ वगैरे त्याच्याकडून. आणि अप्रेंटिस म्हणजे १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ, त्याला पगार नाही स्टायपेंड मिळतो, पीएफ नाही, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) नाही, आणि करारात तसं लिहिलेलं नसेल तर मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. ट्रेनी हा शब्द तर तिन्हीकडे चालतो, त्यावरून काहीच ठरत नाही. म्हणून सरळ विचारा: माझं अपॉइंटमेंट लेटर कोणाच्या नावाने निघणार? पीएफ कापणार का? मुदत किती? उत्तर गोलगोल आलं तर पुढच्या टेबलावर जा, लाजू नका.

पगाराचंही तसंच. १८ हजार सीटीसी (म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) सांगितलं आणि त्यात बेसिक १२ हजार असेल तर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,४४० आणि ईएसआयचे ५२० च्या आसपास आधीच त्यातून गेले, मग तुमच्या वाट्याचा पीएफ १,४४०, ईएसआय १२०, प्रोफेशनल टॅक्स २०० (महिलांना या पगाराला तो लागत नाही), म्हणजे हातात सव्वाचौदा हजार. त्यातून खोली आणि मेस. स्टॉलवरच "इन हँड किती" विचारा आणि राहायची सोय कंपनीची की आपली तेही.

घाबरवायला नाही सांगत. अप्रेंटिसशिप वाईट नाही, मशीनला हात लागतो, आणि माहीत असून घेतली तर चांगलीच. मला दुःख आहे ते माहीत नसण्याचं.

नोंदणीच्या, गणवेशाच्या, "सीट पक्की करण्याच्या" नावाखाली कोणी पाचशे रुपये जरी मागितले तरी देऊ नका, तिथूनच उठा. आणि माझं स्पष्ट मत, मेळाव्याआधी तासभर पॉझिटिव्ह थिंकिंगवर भाषण देणाऱ्या सरांपेक्षा तुमच्याच गावचा दोन वर्षं संभाजीनगरच्या वाळूजला नाहीतर नाशिकच्या अंबडला कामाला असलेला पोरगा जास्त खरं सांगतो, त्याला चहा पाजा आणि त्याची पगाराची स्लिप बघायला मागा. पाचशे जणांना तीच वाक्यं लिहून देणाऱ्या सायबर कॅफेतल्या बायोडाट्यावरही माझा विश्वास नाही. स्वतः लिहा, एक पान पुरे, प्रॅक्टिकलला हाताळलेली उपकरणं नावानिशी लिहा.

बॅनर बघून धावू नका हेही सांगायचं होतं. जळगाव एमआयडीसीतल्या पाईप, ठिबक, चटई, डाळ मिलवाल्यांच्या टेबलासमोर गर्दी कमी असते आणि तिथे बऱ्याचदा कारखान्याचाच माणूस बसलेला असतो, त्याला विचारलं की तो खरं उत्तर देतो. दुसऱ्या मेळाव्यात मी तसंच केलं, वहीत प्रत्येक स्टॉलचं नाव, नंबर आणि काय बोलणं झालं ते लिहिलं. आठवडाभर कोणाचाच फोन आला नाही. मग मीच वहीतून एकेकाला फोन लावत गेलो, चौथा नंबर एका पाईप कारखान्याचा होता, ते म्हणाले उद्या लॅबमध्ये येऊन जा. घरी मात्र तेव्हा काही बोललो नाही, पहिल्या पगारातून पीएफ कापला गेला आणि पीएफ खात्याचा यूएएन नंबर आला त्या संध्याकाळी आईला फोन केला.