खिडकी उघडली, पण गिट थांबलं नाही

टर्मिनलमध्ये एडिटरचं नाव आणि पुढे फाईलचं नाव टाकलं की खिडकी उघडते, हे तुम्हाला येतंच. अडतं ते दुसरा प्रोग्रॅम तुमच्यासाठी एडिटर उघडतो तेव्हा.

उदाहरणार्थ गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. बदल मेसेजसकट नोंदवायला 'गिट कमिट' दिलं की व्हीएस कोड या एडिटरची खिडकी येते, आणि एक अक्षर लिहायच्या आत टर्मिनल सांगतं: मेसेज रिकामा, कमिट रद्द. मग कितीही नीट लिहून सेव्ह करा, ते वाया जातं. घाबरू नका, तुमचा कोड आणि स्टेज केलेले, म्हणजे कमिटसाठी निवडलेले, बदल जसेच्या तसे असतात.

असं का होतं? गिट मेसेजची फाईल तयार करतं, एडिटरची कमांड चालवतं आणि ती संपली की फाईल वाचतं. खिडकीकडे ते बघतच नाही. व्हिम किंवा नॅनो टर्मिनलमध्येच चालतात, बंद केल्याशिवाय संपत नाहीत. 'कोड' ही कमांड मात्र नुसता निरोप पोचवते: चालू असलेल्या व्हीएस कोडला फाईल उघडायला सांगते आणि लगेच संपते. गिटच्या लेखी लिहून झालेलं असतं. ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी बदलणाऱ्या 'क्रॉनटॅब -ई'चंही हेच. तुम्ही लिहीत असता आणि ते 'बदल नाही' म्हणून मोकळं होतं.

म्हणून एडिटर नेमताना 'कोड --वेट' असं नेमा, आणि ते सगळं एकाच अवतरणचिन्हात. सब्लाइमला '-डब्ल्यू', जीव्हिमला '-एफ'. एमॅक्सक्लायंट मुळातच थांबतो. व्हीएस कोडमध्ये काम झाल्यावर ती टॅब बंद केली की पुरे. मॅकच्या 'ओपन'ला कॅपिटल डब्ल्यू लागतो, पण मग खिडकी बंद करून भागत नाही, अख्खं ॲप बंद करावं लागतं.

यासाठी एलियसच्या, म्हणजे शेलमध्ये कमांडला दिलेल्या टोपणनावाच्या, नादी लागू नका. गिट एडिटर वेगळ्या शेलमधून चालवतं, तिथे तुमचा एलियस पोचतच नाही.

सेटिंग करूनही जुनाच एडिटर उघडतो? क्रम बघा: आधी गिट_एडिटर, मग गिटच्या कॉन्फिगमधलं (सेटिंगमधलं) कोअर.एडिटर, मग व्हिज्युअल, शेवटी एडिटर. कोअर.एडिटर सोडून बाकीची तिन्ही एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं, म्हणजे शेलमध्ये ठेवलेल्या किमती. वरची किंमत खालचीला झाकते. 'गिट व्हार गिट_एडिटर' दिलं की नेमकं काय चालणार ते छापून येतं.

"व्हिम शिक, प्रश्नच मिटेल," असं सांगणारे सीनियर भेटतील. नवख्याला कारण न सांगता असा सल्ला देणं मला पटत नाही. तरी चार गोष्टी शिकाच, कारण एसएसएचने (टर्मिनलमधून दुरूनच) जोडलेल्या सर्व्हरवर बहुधा खिडकी उघडायला डिस्प्लेच नसतो: लिहायला आय, बाहेर यायला एस्केप, सेव्ह करून निघायला ':डब्ल्यूक्यू', आणि कमिट सोडून द्यायचं असेल तर ':सीक्यू'. शेवटच्या कमांडने व्हिम चूक झाल्याचा कोड देऊन बंद होतो आणि गिट कमिट करत नाही.