पहिली एल्क हंट: टॅग काढण्यापासून मांस गाडीपर्यंत आणेपर्यंत काय धरून चालायचं

डेन्व्हरकडच्या आपल्या लोकांत हल्ली बरेच जण विचारतात की एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला जायचंय, सुरुवात कुठून करू, आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात हमखास तो मोठ्या शिंगांचा नर असतो. तर आधी आकडे बघा. कोलोरॅडोत जगातले सगळ्यात जास्त एल्क आहेत, अडीच लाखांच्या वर, आणि तरीही दर पाच शिकाऱ्यांपैकी साधारण चार जण सीझन संपल्यावर रिकाम्या हाताने घरी जातात, त्यात वर्षानुवर्षं डोंगर तुडवलेलेही आले. त्यामुळे पहिल्या वर्षी टार्गेट एकच ठेवा, एल्क कुठे राहतो ते शोधून काढणं. मारायला मिळाला तर फारच छान.

भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंदच आहे, त्यामुळे इथल्या अमेरिकन पोरांना आजोबांबरोबर फिरून जे आपोआप येतं ते आपल्याला शून्यापासून शिकायला लागतं, म्हणून तयारीला पूर्ण एक वर्ष द्या. १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो हिवाळ्यातच उरकून टाका. आणि एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर हे नीट वाचा: नॉन-इमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या बाळगायला मनाई आहे, वैध हंटिंग लायसन्स जवळ असेल तर अपवाद आहे. म्हणजे आधी लायसन्स, मगच रायफलला हात, मित्राची रेंजवर उसनी घेतलेली रायफलसुद्धा यात आली. एकदा वकिलाशी बोलून घ्या, यात चालढकल नको.

टॅग म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, त्याच्या ड्रॉचा (सोडतीचा) अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतो, नंतर ऑगस्टमध्ये उरलेले टॅग निघतात. काही युनिट्सना (शिकारीसाठी आखलेले भाग) रायफलच्या दुसऱ्या-तिसऱ्या सीझनचा नराचा टॅग ड्रॉशिवाय मिळत आलाय पण तिथे गर्दी प्रचंड, आणि नियम बदलत असतात, त्यामुळे कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याचं, म्हणजे पार्क्स अँड वाइल्डलाइफचं, त्या वर्षीचंच ब्रोशर वाचा. माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा मादीचा टॅग घ्या. बहुतेक युनिट्समध्ये नर कायदेशीर ठरायला एका बाजूच्या शिंगाला किमान ४ टोकं किंवा ५ इंचाचा ब्रो टाइन (कपाळाजवळचा शिंगाचा फाटा) असावा लागतो, पहाटेच्या अंधुक उजेडात झाडीआडून ते मोजत बसायचं म्हणजे नवख्याची परीक्षाच, मादीला ती भानगड नाही आणि मांसही मऊ.

खर्चाचं म्हणाल तर इथल्या रहिवाशाला टॅग शंभर डॉलरच्या आत पडतो, टेक्सास किंवा न्यूजर्सीहून येणार असाल तर नराचा ८०० च्या वर. गाइड घेतला तर हजारोंचा हिशेब. मला विचाराल तर पहिल्या वर्षी महागड्या स्कोपपेक्षा चांगले बूट आणि बऱ्यापैकी दुर्बीण घ्या, बूट उन्हाळाभर घालून मुरवा.

एल्क ८ ते ११ हजार फुटांवर असतो. डेन्व्हरला राहणाऱ्यालाही तिथे पाठीवर ओझं घेऊन चढताना धाप लागते, ह्यूस्टनहून विमानाने आलेल्याची तर वेगळीच गत. सीझन सुरू व्हायच्या दोन दिवस आधी पोचा, पाणी पीत राहा, डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या तर हट्ट न करता खाली उतरा.

आता वारा, कारण एल्कच्या डोळ्यांना एखादवेळी चकवता येतं, नाकाला नाही. वाऱ्याची दिशा बघायला पावडरची छोटी बाटली मिळते ती खिशात ठेवा. पहाटे दाबलीत की पावडर उताराने खाली वाहत जाते, थंड हवा खाली सरकत असते म्हणून, मग ऊन उताराला लागलं की तीच पावडर जरा जागच्या जागी घुटमळते आणि उलटी वर जायला लागते, आणि नेमक्या त्या वेळेला तुम्ही कळपाच्या खालच्या बाजूला असाल तर सकाळ गेली. म्हणून पहाटे खालून, ऊन तापल्यावर वरून किंवा आडव्या बाजूने जा. एल्क पहाटे आणि संध्याकाळी उघड्या गवतात चरतात, दिवसभर उत्तरेकडच्या उतारावरच्या दाट झाडीत बसून असतात. रस्त्यापासून मैलभर आत गेलात की माणसं कमी होतात. दोन दिवसांत ताजी लेंडी, ताजे खूर काहीच दिसलं नाही तर जागा बदला, तिथेच बसून वाट बघण्यात अर्थ नाही. खासगी जमिनीवर कोलोरॅडोत पाटी नसली तरी परवानगी लागतेच, त्यामुळे हद्दी दाखवणारा नकाशा फोनवर ऑफलाइन उतरवून ठेवा.

नेमबाजी टेबलावर रायफल टेकवून नको, गुडघ्यावर बसून, धाप लागलेली असताना करा. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी ताटाएवढ्या जागेत बसते तेवढंच तुमचं अंतर, त्यापलीकडे ट्रिगरला हात लावू नका, जखमी होऊन झाडीत गेलेलं जनावर रात्रभर तडफडतं. रायफल सीझनला कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची.

आणि पडला तर खरं काम तिथून सुरू होतं. मादी सव्वादोनशे किलोची, नर तीनशेच्या पुढे, उचलून नेण्याचा प्रश्नच नाही, जागेवर चार तुकडे करून पाठीवरून आणायचे, एकट्याला चार-पाच फेऱ्या सहज. सगळ्यात आधी कातडं काढा. मागच्या मांडीत खुब्याच्या सांध्याशी हात घातलात तर तासाभराने पण चांगलंच गरम लागतं, मांस खराब होतं ते तिथूनच, त्यामुळे हाडापर्यंत चीर देऊन ती उष्णता बाहेर जाऊ द्या आणि जाळीच्या पिशवीत घालून सावलीत टांगा. लिंगाचा पुरावा मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच ठेवावा लागतो, तो कापून टाकू नका. गाडीपासून तीन मैल लांब, खोल दरीत, दिवस कलताना एल्क समोर आला आणि बरोबर कोणी नसेल तर गोळी झाडू नका. कॅम्प हलवायचा, शिकार सोडायची, हे सगळं निघायच्या आधीच सोबत्याशी बोलून ठरवा, मांस वाहायला कोण सुट्टी काढून येणार तेही. क्रॉनिक वेस्टिंग डिसीजसाठी (हरणांच्या मेंदूचा जीवघेणा रोग) डोकं तपासायला द्या, काही युनिट्सना ते सक्तीचं असतं, रिपोर्ट येईपर्यंत मांस फ्रीजरमध्ये वेगळं ठेवा. चरबी जवळपास नसतेच, त्यामुळे खिम्याला तेल जरा सढळ हाताने घाला.