गोवा विद्यापीठ शोधाल तर गोमेकॉ निसटेल: क्लिनिकल ट्रायल्सची यादी कशी वाचावी

गोवा विद्यापीठाच्या नावावर किती क्लिनिकल ट्रायल्स, म्हणजे रुग्णांवर घेतलेल्या उपचारांच्या चाचण्या, आहेत, हे पत्रकार विचारतात, पीजीचे विद्यार्थी विचारतात, आणि घरात मोठं दुखणं आलं की नातेवाईकही विचारतात. उत्तर शोधायचं ते सीटीआरआयवर, म्हणजे आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री–इंडियावर. ही नोंदवही २० जुलै २००७ रोजी सुरू झाली आणि ती कोणालाही फुकट पाहता येते. मात्र शोधानंतर दिसणारा आकडा जसाच्या तसा उचलला, तर हमखास फसगत होते.

पहिली अडचण नावाची. रुग्ण असतात कॉलेजांच्या हॉस्पिटलांत, त्यामुळे नोंदीत ताळगाव पठारावरच्या विद्यापीठाऐवजी बहुधा संलग्न कॉलेजचं नाव असतं. गोमेकॉ (बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज), गोवा डेंटल कॉलेज, शिरोड्याचं गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय, प्रत्येकाचा शोध वेगळा घ्या. गोमेकॉसाठी इंग्रजीत पूर्ण नाव, मग ‘जीएमसी’, मग नुसतं ‘बांबोळी’ असं तीनदा शोधा. नोंद भरणाऱ्याने जे टाइप केलं तेच सापडतं. ‘जीएमसी’ टाकल्यावर इतर राज्यांतली सरकारी मेडिकल कॉलेजंही येतात, ती पत्ता पाहून गाळा. प्रत्येक नोंदीला एक्सेलमध्ये एक ओळ द्या आणि नोंदणी क्रमांकावरूनच ती ओळखा. सामान्य शीर्षक आणि शास्त्रीय शीर्षक वेगळं असल्यामुळे एकच ट्रायल दोनदा मोजली जाते.

मग प्रत्येक ओळीत दोन रकाने करा: ‘प्रायमरी स्पॉन्सर’ (मुख्य प्रायोजक) कोण आणि ‘साइट’ (रुग्ण घेणारं केंद्र) कुठे. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. औषध कंपनीच्या बहुकेंद्री ट्रायलमध्ये कॉलेज हे अनेक केंद्रांपैकी एक असतं; प्रश्न कंपनीचा, आराखडा कंपनीचा, रुग्ण कॉलेजचे. अशा ट्रायल्स ‘विद्यापीठाचं संशोधन’ म्हणून मोजू नयेत. उलटही घडतं, गोव्यातलंच काम यादीतून सुटतं. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये पर्वरीच्या संगाथ संस्थेने लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या संशोधकांबरोबर नैराश्य आणि दारूच्या समस्येवर समुपदेशनाच्या ट्रायल्स केल्या. त्यांचे नोंदणी क्रमांक आयएसआरसीटीएन या ब्रिटिश नोंदवहीतले आहेत. सीटीआरआयवर थांबणाऱ्याच्या यादीत गोव्यातलं इतकं महत्त्वाचं काम येणारच नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीटीआरपी पोर्टलवर एकदा शोध घ्याच. तिथे वेगवेगळ्या नोंदवह्या एकत्र दिसतात. एकाच ट्रायलला दोन क्रमांक असू शकतात, तेव्हा ‘सेकंडरी आयडी’ (त्याच ट्रायलचा दुसरा क्रमांक) जुळवून बघा.

पुढची चाळणी प्रकाराची. सीटीआरआयवर निरीक्षणात्मक अभ्यासही नोंदवले जातात. ‘इंटरव्हेन्शनल’, म्हणजे रुग्णाला ठरवून उपचार दिलेल्या, तेवढ्याच खऱ्या ट्रायल्स. ‘पोस्ट ग्रॅज्युएट थीसिस’समोर ‘यस’ असेल तर ती ओळ वेगळ्या रंगात ठेवा. एमडीचा प्रबंध कमी दर्जाचा असतो असं अजिबात नाही, पण तो ठरलेल्या मुदतीत, बहुधा एकाच केंद्रात आणि थोड्या रुग्णांवर होतो. फेज, म्हणजे औषधाच्या चाचणीचा टप्पा, यासमोर ‘एन/ए’ (लागू नाही) दिसलं म्हणून दचकू नका. समुपदेशन, शस्त्रक्रिया, फिजिओथेरपी यांना औषधासारखे फेज नसतात. डीसीजीआयच्या (देशाच्या औषध महानियंत्रकांच्या) परवानगीसमोर ‘नॉट अॅप्लिकेबल’ असलं तरी लगेच संशय घेऊ नये. २०१९ च्या नियमांनुसार मान्य औषधावरच्या शैक्षणिक ट्रायलला एथिक्स कमिटीची (संस्थेच्या नीतिमत्ता समितीची) मंजुरी पुरते. एथिक्स कमिटीचा रकाना मात्र कधीच सोडू नका.

आता तारखा. समजा, पहिला रुग्ण १ जुलै २०२२ रोजी घेतला आणि अंदाजे कालावधी दीड वर्ष लिहिला आहे. म्हणजे काम जानेवारी २०२४ च्या सुमारास संपायला हवं. तरीही स्थिती ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ दिसते आणि ‘लास्ट मॉडिफाइड ऑन’ची तारीख २०२२ चीच आहे. अशी नोंद ‘चालू’मध्ये धरू नये, तिला ‘स्थिती अद्ययावत नाही’ असा शेरा द्यावा. नोंदणीची तारीख पहिल्या रुग्णाच्या आधीची आहे ना, तेही पाहा. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय आधी केलेलीच नोंदणी स्वीकारते; त्याआधीच्या नोंदींत मागाहून केलेल्याही सापडतात.

रुग्णसंख्येत ‘एकूण’ आणि ‘भारतातून’ असे दोन आकडे असतात. जगभरातले ३००० आणि भारतातले १५० असतील, तर ३००० हा आकडा कॉलेजच्या खात्यात टाकणं चूकच. कॉलेजचा वाटा त्या १५० पेक्षाही कमी असू शकतो, आणि तो नोंदीत मिळेलच असं नाही.

निकाल वाचताना आधी ‘प्रायमरी आउटकम’, म्हणजे मुख्य मोजमाप, उघडा. संगाथच्या दारूवरच्या ट्रायलमध्ये ३७७ पुरुष होते आणि मुख्य मोजमापं दोन. तीन महिन्यांनी ऑडिट या दारूच्या समस्येच्या प्रश्नावलीत (गुण कमी तेवढी समस्या कमी) ८ च्या खाली आलेले समुपदेशन गटात ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात २६ टक्के. पण जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या सरासरी प्रमाणात फरक पडला नाही. २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या या निबंधात दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत, आणि वाचकानेही दोन्ही सांगितल्या पाहिजेत. नोंद आणि निबंध यांतलं मुख्य मोजमाप वेगळं निघालं, तर बदल कधी केला ते शोधा. रुग्णांचे आकडे हाती आल्यावर मोजमाप बदलणं हा गंभीर दोष आहे.

रुग्णासाठी शोधत असाल तर एवढी आकडेमोड नको. ‘इन्क्लूजन’ आणि ‘एक्स्क्लूजन’ निकष (कोणाला घेणार, कोणाला नाही) उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. मग ‘पब्लिक क्वेरी’खालच्या नंबरवर फोन करून गोव्यातल्या केंद्रावर भरती अजून चालू आहे का, आणि संमतीपत्र मराठी किंवा कोंकणीत मिळेल का, हे विचारा. संमतीपत्र सही करण्याआधी घरी नेऊन वाचायला मागा.