मुलावर अत्याचार होतोय असा संशय आला, तर कुठे आणि कसं कळवायचं?

संशय आला की बहुतेक जण म्हणतात, ‘आधी खात्री करून घेऊ.’ मग नातेवाइकांत चौकशी होते, ज्याच्यावर संशय त्यालाच आडून छेडलं जातं, आणि तो सावध होतो. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ तुमच्याकडे पुरावा मागतच नाही. लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शेजारी असो, शिक्षक असो वा डॉक्टर. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर वर्षापर्यंत. २०२४च्या बदलापूर प्रकरणात शाळेच्या व्यवस्थापनातल्या लोकांवरही याच कारणाने गुन्हा दाखल झाला होता.

मूल स्वतःहून बोललं तर ऐका. ‘काकांनी केलं का?’ असं नाव त्याच्या तोंडात घालू नका. ‘मग काय झालं?’ एवढंच पुरे. ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्दही देऊ नका, कारण तो मोडावा लागणार आहे. मूल जे म्हणालं ते तारीख-वेळ घालून त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ते ‘शूच्या जागी दुखतं’ म्हणालं, तर कागदावरही तेच हवं. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. तातडीच्या उपचारासाठी आधी पोलिसांचं पत्र आणा, असं डॉक्टर म्हणू शकत नाहीत.

धोका आत्ता, या क्षणी असेल तर ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. एरवी १०९८, म्हणजे मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, मोफत. मारहाण, उपासमार, डांबून ठेवणं हेही इथे सांगता येतं. लैंगिक अत्याचारच असला पाहिजे असं नाही.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार ‘ही आमची हद्द नाही’ म्हणाला, तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, नोंदवायला सांगा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदच नाकारली तर लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. हे मागून घ्यावं लागतं, बऱ्याचदा आपणहून होत नाही.

प्रामाणिकपणे कळवलेली माहिती पुढे सिद्ध झाली नाही, तरी तुमच्यावर कारवाई होत नाही. मात्र मुलाचं नाव, फोटो, शाळा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका, तो वेगळा गुन्हा आहे. आणि ‘गावातच मिटवू’ म्हणणाऱ्यांच्या बैठकीला जाऊ नका. हा गुन्हा आपसात मिटत नाही.

संशयित घरातलाच असेल तर पोलिसांना पहिल्याच वाक्यात तसं सांगा. मग चोवीस तासांत पोलिसांना मुलाला बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीपुढे, न्यावं लागतं, आणि त्याने कुठे राहायचं हे समिती ठरवते.